माळ्यावरचा मारिओ

जुन्या बाजारात गेलीस की "जुना व्हिडिओ गेम आहे का हो?" असं विचारत फिरू नकोस. तू विचारलंस की समोरचा आधी तुझ्या पायातले बूट बघतो, मग हातातला फोन बघतो आणि मग भाव सांगतो. गुपचूप फिर. वायरींच्या ढिगाशी उकिडवी बस, दोन-चार ॲडॉप्टर हातात घे, त्यांचा भाव कर, आणि उठता उठता "हा डबा कसला आहे?" म्हणून विचार. टीव्ही दुरुस्तीत माझा जन्म गेला, जुने गेम गोळा करायचा नाद त्यातूनच लागला. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून जे ठाऊक आहे ते तुझ्या कानात घालून ठेवतो. मामाकडून भाचीला घर-शेत काही मिळायचं नाही, हेच मिळणार.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजारात शुक्रवारी मटण स्ट्रीटची पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर पथाऱ्या पडतात, तिथे उजाडायच्या आत पोचावं लागतं. जा दोन्हीकडे, पण एक लक्षात ठेव. बाजारात आलेली वस्तू तीन-चार हातांतून गेलेली असते, आणि प्रत्येक हाताने तिचं काहीतरी काढून घेतलेलं असतं. आधी खोका जातो, मग ॲडॉप्टर, मग कॅसेटी. भंगारवाल्याच्या गोदामात तर डबा फोडूनच टाकतात. वरचं प्लास्टिक एका गोणीत, बोर्ड दुसऱ्या गोणीत, वायरी तांब्यासाठी तिसरीकडे. किलोवर माल घेणाऱ्याला त्या बोर्डावर काय लिहिलंय याच्याशी काय देणंघेणं? म्हणून आपल्या वॉर्डात फिरणाऱ्या भंगारवाल्याशी ओळख ठेव. त्याला एवढंच सांग, "कॅसेट घालायची फट असलेला कुठलाही डबा फोडू नका, मला फोन करा." आणि तो फोन करेल तेव्हा डबा फालतू निघाला तरी घे. पहिल्या फोनला नाही म्हणालीस की दुसरा येत नाही.

आता आपल्याकडे काय सापडू शकतं हे कळायला थोडा इतिहास हवा. निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम हा गेमचा डबा १५ जुलै १९८३ रोजी जपानात आला, किंमत १४,८०० येन. पुढे त्याचाच परदेशी अवतार आपल्याकडे सामुराई या नावाने विकला गेला. पण आपण पोरांना घेऊन दिलेले बहुतेक डबे नकली होते. फॅमिकॉमच्याच धाटणीचे, तैवान-चीनमधून आलेले किंवा तिथल्या सुट्या भागांतून इथे जोडलेले. खरा माल महाग होता. सेगा या दुसऱ्या गेम कंपनीने १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी करार करून मेगा ड्राइव्ह भारतात आणला, तो ८० टक्के आयातकर टाळण्यासाठी. तरीही किंमत पडली १८,००० रुपये. त्या पैशांत तेव्हा चांगला रंगीत टीव्ही येत होता. घेणार कोण? ज्यांनी घेतला त्यांच्याकडे तो फार वापरलेला नसतो, खोक्यासकट असतो, आणि ती माणसं आता बंगला विकून मुलाकडे राहायला गेलेली असतात. कंपन्यांच्या अधिकारी वसाहती, जुन्या गेस्ट हाउसचे स्टोअररूम, क्लबच्या मुलांच्या खोल्या, अशा जागा डोक्यात ठेव.

आणि कर चुकवून आलेला माल? तो बॅगेतून आला. आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांच्या, जहाजावरून उतरणाऱ्यांच्या बॅगेतून. रत्नागिरी-रायगडच्या गावागावांत आणि गोव्यात असं घर सापडतं, जिथे कोणीतरी कुवेतला होतं किंवा कोणीतरी बोटीवर होतं. त्या घरांच्या माळ्यावर काय काय असतं! टेपरेकॉर्डर, टॉर्च, थर्मास, इस्त्री, आणि गोणपाटात गुंडाळलेला पोरांचा गेम. कोकणात शोधायचा मोसम गणपतीच्या आधीचा. चाकरमानी येणार म्हणून घरं उघडतात, झाडलोट होते, माळे रिकामे होतात. अंगणात काढून ठेवलेल्या पसाऱ्याकडे नजर ठेवून चाल. आमच्याकडे घाटावर हेच काम नवरात्राच्या आधी होतं.

आखाती घरात एका वस्तूसाठी मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. कुवेतच्या अल आलमिया कंपनीचे सखर नावाचे घरगुती संगणक यायचे, कळपाटीवर अरबी अक्षरं असलेले. त्यातला एएक्स-९९० हा अजब प्राणी आहे. अर्धा एमएसएक्स संगणक, अर्धा सेगा मेगा ड्राइव्ह, एकाच डब्यात दोन्ही. दिसायला निव्वळ कीबोर्ड. अरबी अक्षरं बघून घरचे म्हणतात, "हा आपल्या कामाचा नाही," आणि तो तसाच वर जाऊन पडतो. जगभर त्याच्यासाठी माणसं पैसे मोजायला बसली आहेत. कीबोर्ड दिसला म्हणून पुढे जाऊ नकोस, वरच्या बाजूला कॅसेटची फट आहे का ते हात फिरवून बघ.

शहरात माझ्या मते सगळ्यात मोठी खाण म्हणजे पुनर्विकास. इमारत पाडायची तारीख ठरली की शेवटच्या पंधरवड्यात तीस-चाळीस वर्षांचा माळा एका फटक्यात खाली येतो. गिरगाव, दादर, परळ, इकडे डेक्कन, कोथरूड. कुठल्या सोसायटीची नोटीस लागली आहे ते वॉचमनला बरोबर ठाऊक असतं, त्याच्याशी चहा पिण्यात कमीपणा मानू नकोस. घरात शिरलीस की गेमचं नाव काढायच्या आधी पोरांची चौकशी कर. "मुलगा लहानपणी काय खेळायचा?" असं आजींना विचारलं की आजी आपण होऊन कपाटाकडे जातात. डबा नाही सापडला तरी त्याची पिल्लं शोध. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी असतात, शिवणाच्या पेटीत वायर असते, खेळण्यांच्या पोत्यात गेमची ती प्लास्टिकची बंदूक असते. बंदूक सापडली म्हणजे डबा त्या घरात नक्की आला होता. (ती बंदूक नव्या चपट्या टीव्हीवर चालत नाही. जुना काचेचा टीव्ही लागतो, म्हणून तोही कोणी टाकत असेल तर उचल. तुझी आई ओरडेल, ओरडू दे.)

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, जी बाहेरचं कोणी सांगणार नाही. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या जुन्या दुकानात सगळ्यात वरची फळी बघायची. तिथे न नेलेला माल असतो. गिऱ्हाईक वस्तू टाकून जातं, खर्च ऐकून परत येत नाही, किंवा बदली होते, किंवा पोरगं मोठं होतं. मेकॅनिक ती टाकत नाही, कारण उद्या मालक उभा राहिला तर? प्रत्येक डब्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेली असते. आडनाव, पेठेचं नाव, सहा आकडी फोन नंबर आणि खाली दोष. "चित्र हलते." "आवाज नाही." तपकीर गल्लीत, लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळांत, आणि त्याहून जास्त तालुक्याच्या गावांत अशी दुकानं अजून आहेत. आता मालक थकलेत, मुलांनी मोबाइलचा धंदा धरलाय. तिथे गेलीस की काउंटरवर हात टेकून वर बोट दाखवू नकोस. एखादा छोटा दोष घेऊन जा, दुरुस्त करून घे, न कुरकुरता पैसे दे. दुसऱ्या खेपेला विचार. आणि चिठ्ठी असेल तर ती काढून फेकू नकोस. आधी त्या आडनावाचा माग काढ, जमेल तेवढा. मूळ मालक सापडला तर बहुधा तो हसून "घेऊन टाका" म्हणतो, वर कॅसेटीही देतो. नाही सापडला तरी चिठ्ठी डब्याबरोबरच ठेव. गोळा करणाऱ्यांच्या जगात त्या कागदाला मान आहे, आणि नसता तरी मी ठेवलाच असता.

लिलावाकडेही लक्ष असू दे. बंद पडलेल्या कंपनीचं सामान खोक्यांच्या हिशोबाने जातं, आत काय आहे हे विकणाऱ्याला माहीत नसतं. यातली सगळ्यात भारी गोष्ट अमेरिकेतली. निन्टेंडो आणि सोनी यांनी मिळून एक यंत्र करायचं ठरवलं होतं, निन्टेंडोच्या कॅसेटी आणि सीडी दोन्ही चालतील असं. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सचा हात धरला. भर मांडवात नवरीने वर बदलावा तसं झालं. सोनी चिडली, एकटीने यंत्र केलं, आणि ३ डिसेंबर १९९४ रोजी प्लेस्टेशन जपानात विकायला आलं. पण त्या मोडलेल्या सोयरिकीतले काही नमुने आधीच तयार झाले होते. त्यातला एक ओलाफ ओलाफसन यांच्याकडे राहिला. हे गृहस्थ मूळचे आइसलँडचे, कादंबरीकारही आहेत, आणि तेव्हा सोनीच्या गेम विभागाचे प्रमुख होते. पुढे ते पेनसिल्वेनियातल्या ॲडव्हांटा नावाच्या वित्त कंपनीत गेले, नंतर तिथूनही बाहेर पडले, आणि खोका तिथेच राहिला. २००९ मध्ये ॲडव्हांटा दिवाळखोरीत गेली. कार्यालयातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा तिथेच देखभालीचं काम करणाऱ्या एका माणसाने खोक्यांची एक खेप ७५ डॉलरला घेतली. कित्येक वर्षं ती घरी पडून होती. २०१५ मध्ये त्याच्या मुलाने माळ्यावरून डबा खाली काढला आणि जगाला दाखवला. करडा रंग, वर निन्टेंडोच्या कॅसेटची फट, समोर सीडीचा कप्पा, आणि निन्टेंडोच्याच घडणीच्या रिमोटवर चक्क सोनी प्लेस्टेशनचं नाव. सीडीचा भाग चालत नव्हता, तो नंतर दुरुस्त झाला. मार्च २०२० मध्ये लिलावात त्याला ३,६०,००० डॉलर मिळाले.

या गोष्टीत लोकांना आकडा दिसतो. मला तो देखभालवाला दिसतो. त्याने गेमच्या बाजारात पाऊल टाकलं नव्हतं. तो त्या इमारतीत रोज वावरत होता, एवढंच. म्हणून म्हणतो, जिथे तुझा वावर आहे तिथलं मोडीत निघणारं सामान आधी बघ. कॉलेजचं होस्टेल, तुझ्या ऑफिसचं स्टोअर, आपल्या गल्लीतला केबलवाला, कधीची बंद झालेली व्हिडिओ लायब्ररी. गुजरातेत अलंगला जहाजं तोडतात आणि रस्त्याच्या दुतर्फा त्यांतल्या सामानाची दुकानं आहेत. खलाशांच्या करमणुकीच्या खोलीतला टीव्ही निघतो, तेव्हा त्याच्या खालच्या कप्प्यातही डोकावायचं.

सापडलेला माल किती टिकलाय हे हवेवरही असतं. अटारी कंपनीने १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत न खपलेला माल पुरला होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये उकरला तेव्हा शेकडो कॅसेटी निघाल्या, पुठ्ठ्याची खोकी ओळखू यावीत इतक्या धड. वाळवंटाची कोरडी हवा आहे ती. आपल्याकडे चार पावसाळ्यांत काय होतं हे तुला मी सांगायला नको. तेव्हा वरून किती घाण आहे ते बघून निर्णय घेऊ नकोस, तसंच वरून चकचकीत आहे म्हणून भुलूही नकोस. आखाती युद्धात जळून वितळलेला एक गेम बॉय निन्टेंडोने न्यूयॉर्कच्या दुकानात बरीच वर्षं काचेत ठेवला होता, टेट्रिस चालू ठेवून.

हातात घेतल्यावर काय बघायचं? फॅमिकॉम असेल तर पांढरा आणि गडद लाल. खऱ्याचे दोन्ही रिमोट डब्यालाच कायमचे जोडलेले असतात आणि दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्टची बटणं नसतात, त्या जागी छोटा माइक आणि आवाजाची सरकपट्टी असते. नकली डब्यात बहुधा दोन्ही रिमोट सारखे आणि समोर खाचेत घालायचे. आणि पहिल्या रिमोटची ए-बी बटणं गोल आहेत की चौकोनी ते बघ. अगदी सुरुवातीच्या मालाला चौकोनी रबरी बटणं होती. ती दबून तशीच राहायची, कडेला झिजायची, म्हणून निन्टेंडोने गोल प्लास्टिकची केली. झिजलेलं, वाकडं बसलेलं चौकोनी रबर दिसलं की चेहऱ्यावर काही दाखवू नकोस. अटारी असेल तर समोर लाकडी रंगाची पट्टी आणि स्विच मोज. १९७७ च्या पहिल्या मालाला सहा स्विच आणि तळाचं प्लास्टिक जाड, उचलताच वजन कळतं. १९८० पासून चार स्विच आले. खोलता आलं तर बोर्ड बघ. आपापल्या पायांवर उभ्या असलेल्या काळ्या चिपा आणि त्यांवर छापलेले नंबर असतील तर अस्सल असण्याची शक्यता जास्त. डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा असेल तर स्वस्तातला नकली. नकली म्हणून टाकू मात्र नकोस. आपल्या पोरांचं बालपण त्याच गोळ्यावर गेलं, आणि इथल्या नावांचे डबे उद्या अस्सलपेक्षा दुर्मिळ होतील असं माझं मत आहे.

निन्टेंडोच्या बऱ्याच डब्यांचे स्क्रू साध्या पेचकसाने उघडत नाहीत. कॅसेटला ३.८ मिलिमीटर आणि डब्याला ४.५ मिलिमीटरचा खास बिट लागतो, मिळतो तो. नसेल तर बॉलपेनची रिकामी नळी गरम कर, मऊ झाली की स्क्रूवर दाब आणि गार होऊ दे. साचा बसतो. पक्कडीने ओरबाडू नकोस.

आता जे सांगतो ते पाठ कर. सापडल्या सापडल्या प्लग लावायचा नाही. "चालतोय का बघू" म्हणत जितके डबे मेले तितके पुरातही मेले नसतील. जपानी ॲडॉप्टर १०० व्होल्टचा, आपल्या २३० वर धूर काढतो. फॅमिकॉमच्या पिनेत मधे मायनस आणि बाहेर प्लस, मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेललाही तसंच, दुसऱ्या मॉडेलला उलटं. पिनेचा आकार वेगळा आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, गल्लीतल्या मेकॅनिकने पिन कापून दुसरी जोडलेली असते. अमेरिकन-युरोपीय निन्टेंडोचा ॲडॉप्टर तर एसी बाहेर देतो, तो फॅमिकॉमला लावलास तर आतलं जळतं. डब्याखालचं गोल चिन्ह वाच, मीटरने मोज, मग लाव. आणि चित्र आलं नाही म्हणजे यंत्र मेलं असं नव्हे. जपानी डबा ज्या चॅनेलवर बोलतो ते आपल्या टीव्हीला ऐकूच येत नाही. विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं आणि "बंद आहे" म्हणून तो भाव पाडतो. अशा वेळी त्याला तंत्र शिकवत बसायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी गप्प बसायचो.

साफसफाईचं थोडक्यात. कॅसेटीत फुंकर मारायची नाही, थुंकीने पट्टी गंजते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. बॅटरीच्या कप्प्यात पांढरा-हिरवा फुलोरा असेल तर व्हिनेगरचा बोळा, मग अल्कोहोल. उघडल्यावर मासळीसारखा वास आला तर कपॅसिटर गळलेत, सेगाच्या गेम गियरला हा रोग हमखास. ते सगळे बदलायचे, एखाद-दुसरा नाही. पिवळा पडलेला डबा पेरॉक्साइडमध्ये घालून पांढरा करणारे बरेच आहेत. प्लास्टिकात आग रोखायला घातलेलं ब्रोमीन उन्हाने पिवळं दिसतं, ते असं तात्पुरतं जातं. मला ते पटत नाही, चाळीस वर्षांच्या वस्तूने चाळीस वर्षांचं दिसावं. तुझी मर्जी.

काही कॅसेटींत छोटी बॅटरी असते, खेळ कुठवर आला ते लक्षात ठेवायला. ती बदललीस की आठवण पुसली जाते. म्हणून आधी चालवून बघ. कुणीतरी आपलं नाव टाकून ठेवलेलं असतं, अर्ध्यावर सोडलेला खेळ असतो. त्या पडद्याचा फोटो काढ आणि ज्या घरातून कॅसेट आणलीस तिथे पाठव. एका घरी असा फोटो पाठवल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांच्या नणंदेकडचा गेम माझ्या दुकानात आला होता, रिक्षाभाड्यासकट.

पैशांचं सांगतो. इंटरनेटवर लोकांनी मागितलेले भाव बघू नकोस, खरोखर विकले गेले ते बघ. पथारीवाल्याशी घासाघीस कर, तो त्याचा धंदाच आहे. पण एकट्या राहणाऱ्या आजींकडून पन्नास रुपयांत उचलून आणू नकोस. ठाऊक असलेल्या भावाच्या निम्मे तरी दे, किंवा सरळ सांग की ही चीज महागाची आहे. त्यांनी भाच्याला विचारून सांगते म्हटलं तर थांब. वस्तू गेली तर गेली. पेठेत तुझं नाव राहिलं तर दहा माळे उघडतील.

पिशवीत टॉर्च, छोटा मीटर, चिंध्या आणि सुट्टे पैसे ठेव. पाचशेची नोट काढलीस की भाव तिथेच अडकतो. येत्या बुधवारी सकाळी सातला जुन्या बाजाराच्या तोंडाशी ये, साधी चप्पल घालून. वायरवाला मागच्या रांगेत बसतो, त्याच्याकडे करड्या रंगाचा एक डबा आहे. मी अजून हात लावलेला नाही. तू विचार.